पेन्सिलीएवढी धार

टॅमरॅक फॉल्सच्या नगरपरिषदेत सात खुर्च्या,
पैकी एक लंगडी. ती आळीपाळीने घ्यायची
असा आमचा अलिखित ठराव.
आज ती महापौर रोझेर तिबोच्या वाट्याला आली
म्हणून प्रत्येक वाक्याला ते थोडे डावीकडे कलतात.

बाहेर उणे एकतीस.
आत मी, परिषदेची कारकून, आकडे वाचते.
कागदाची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली
आणि तिच्या कराचा रकाना अजून छापला जातो,
कोरा, जेवणाच्या टेबलावर गेलेल्या माणसाचं ताट मांडावं तसा.
तूट: चार लाख बारा हजार डॉलर.
कुणी बोलत नाही. हीटर तेवढा कुरकुरतो.

जमेच्या बाजूला
कुत्र्यांचे परवाने,
दफनभूमीतल्या जागा (यंदा मागणी बरी आहे),
मासेमारीच्या स्पर्धेतून उरलेले दोनशे सहा.

पुलाविषयी इंजिनियरने लिहिलंय,
पाच वर्षं टिकेल, किंवा टिकणार नाही.
आणि चौथ्या रस्त्याखालचा नळ
आमच्या आजोबांच्या पिढीने सहा फुटांवर पुरला.
थंडी आता सात फुटांपर्यंत उतरते
कारण रस्त्यावरचा बर्फ आपणच खरवडून नेतो.
बर्फ म्हणजे जमिनीचं पांघरूण.
गाड्या चालाव्यात म्हणून आपण ते रोज पहाटे ओढून काढतो,
वर नांगराच्या डिझेलचं बिल भरतो.

नळ खोल पुरायला तीस लाख.
त्यापेक्षा, असं ठरलेलं आहे,
डिसेंबर ते एप्रिल घरोघरी एक नळ चालू ठेवावा,
रात्रंदिवस, धार पेन्सिलीएवढी.
गाळलेलं, क्लोरीन घातलेलं, पंपाने टेकडीवर चढवलेलं पाणी
सरळ मोरीत.
वर्षाला नव्वद हजार.
तेहतिसाव्या वर्षी हिशेब बरोबरीत येईल.
तोवर लंगड्या खुर्चीवर दुसरं कुणी असेल.

विषय क्रमांक सहा: बारा नंबरच्या लेम्पी सारेला,
वय अठ्ठ्याऐंशी, रात्री नळ बंद करतात.
मंगळवारी त्यांच्यापायी चौदा घरं गोठली.
नियमाप्रमाणे दंड तीनशे.
हात वर झाले, कोपरातून, अर्धेच.
"आणि नोटीस घेऊन जाणार कोण?"
व्हर्ना ओकिमॉने विचारलं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ओरेस्ट ह्नातियुकने गाडी काढली.
तो पाणीखात्याचा, म्हणजे तोच पाणीखातं.
एक पोलादी सळई घेऊन हिंडतो,
तिचं एक टोक झडपेवर, दुसरं कानाशी,
आणि सांगतो कुठे गळतंय, किती दिवसांपासून.

लेम्पीबाईंनी कॉफी ठेवली.
म्हणाल्या, लहानपणी तळ्याला भोक पाडून
दोन बादल्या आणायची मी शाळेआधी.
सांडली तर परत जायचं.
आता रात्रभर कुणीतरी सांडतंय, सांडतंय,
आणि परत कुणीच जात नाही.
मला झोप कशी लागणार?

मी ठरावाची भाषा जुळवत होते.
ओरेस्टने खिशातलं फडकं काढलं,
फाडून त्याची लांब पट्टी केली,
नळाच्या तोंडाला बांधून खाली मोरीत सोडली.
पाणी कापडावरून उतरू लागलं,
चोरपावलांनी.
लेम्पीबाईंनी कान दिला. मग दुसरा कान दिला.
"वाहतंय?"
"वाहतंय."
"मग ठीक," त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही, ऐकू येत नाही,
तुम्ही परिषदेत असंच करता का?"
ओरेस्ट हसला. मी कपात पाहिलं.

नोटीस माझ्या कोटातच राहिली.
'बजावली' आणि 'बजावली नाही' असे दोन रकाने आहेत,
फडक्यासाठी तिसरा नाही,
आणि अर्धा डॉलर कुठल्या शीर्षाखाली टाकायचा
हेही कुणी ठरवलेलं नाही.

परतताना पूल आला
तेव्हा ओरेस्टने वेग कमी केला,
पट्टा सोडला, काच चार बोटं खाली घेतली.
मीही माझी घेतली.
कारण कुणीच विचारलं नाही.